खारपाणपट्ट्यातली शाळा: डाळ शिजत नाही, लेकरं ताटात टाकतात, अकरालाच पेंगतात. पहिला पैसा कशावर घालावा?

प्रश्न: चार_वर्ग_दोन_गुरुजी

नमस्कार मंडळी. पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा. पट 46, रोजची हजेरी चाळीसच्या आसपास. गाव पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अस्सल खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. दोन स्वयंपाकी-मदतनीस ताई आहेत, गॅस आहे, 10 लिटरचा एक कुकर न दोन मोठे गंज (पातेली) आहेत. अडचणी तीन, पण एकमेकींत गुंतलेल्या.

तूरडाळ शिजत नाही. गंजात दीड तास उकळली तरी दाणा दाताखाली येतो. लेकरं खिचडीतला भात खातात न डाळ ताटाच्या कडेला सारतात. कोहळ्याच्या फोडींचंही तेच.

दुसरं, साडेदहाला शाळा भरते आणि सव्वाअकराला चार-पाच लेकरं डोकं टेकवून बसलेली दिसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हे वाढतं, कारण मायबाप उजाडायच्या आत वावरात जातात आणि लेकरू चहा-टोस्टवर शाळेत येतं.

तिसरं म्हणजे गेटसमोरचं दुकान. पाच रुपयांची चटपटीत पुडी खाल्ली की दीडच्या जेवणाला भूकच उरत नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. कोणी म्हणतं बिस्किटं वाटू, कोणी म्हणतं केळी, एकाचा आग्रह प्रोटीन पावडरच्या डब्याचा. वर्गणी जमेल, पण थोडी. सुरुवात कुठून करावी?

---

मोजपट्टी

गुरुजी, काही नवीन आणायच्या आधी पाच दिवस फक्त उरलेलं मोजा. पावडरचा डबा तोवर दुकानातच राहू द्या.

कारण सांगतो. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोजचं माप आहे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत हे गृहीत आहे. या बारांपैकी सात-साडेसात ग्रॅम तांदळातून येतात, उरलेले बहुतेक त्या वीस ग्रॅम डाळीतून. डाळ कडेला राहिली की कागदावर बारा आणि पोटात आठ. सरकारी डाळ टाकून द्यायची आणि वर्गणीतून प्रथिनांचा डबा आणायचा, हा उलटा हिशेब झाला.

मोजायला एक ताणकाटा आणि दोन बादल्या पुरतात. एका बादलीत ताटातलं उष्टं, दुसरीत गंजात उरलेलं. दोन्ही एकत्र करू नका, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा. गंजात उरलं तर हजेरीपेक्षा जास्त शिजलं किंवा लेकरांनी घेतलंच नाही. ताटात उरलं तर एकदम जास्त वाढलं किंवा खाववत नाही. पहिली-दुसरीचं उष्टं तिसरी-चौथीपासून वेगळं तोलता आलं तर आणखी बरं. रोज वजनाशेजारी एक ओळ लिहा: काय शिजवलं होतं, आणि कडेला नेमकं काय राहिलं. डाळ, भाजीची फोड, मिरचीचा तुकडा, मोहरी, की खडा.

आता वाढण्याबद्दल. चाळीस लेकरांसाठी 4 किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, 2 किलो भाजी आणि पाणी धरून खिचडी साधारण 17-18 किलो होते. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम. सहा वर्षांच्या पोराला एवढं एका दमात जात नाही. पहिलीच्या ताटात ढीग वाढला की तो निम्मा टाकणार हे ठरलेलंच, त्यात लेकराचा दोष नाही. आधी निम्मं वाढा, दहा मिनिटांनी दुसरी फेरी फिरवा. दुसरी फेरी लेकराजवळ जाऊन वाढायची. "कोणाला पाहिजे?" असं लांबून विचारलं की बुजरी लेकरं मागत नाहीत.

ओगराळ्याचं माप एकदाच काढून ठेवा. लिटरची बाटली घ्या न ओगराळ्याने पाणी भरत जा. सात ओगराळ्यांत भरली तर एक ओगराळं साधारण 140 मिली. मग पहिलीला किती न चौथीला किती, ते दोन्ही ताईंचं एकसारखं राहतं.

---

गंजाखालची_चूल

डाळीबद्दल लिहिते. आधी दोष डाळीचा की पाण्याचा ते ठरवा, नाहीतर पुरवठ्याच्या नावाने बोटं मोडण्यात महिना जाईल.

दोन लहान गंज्या घ्या. दोन्हींत 50-50 ग्रॅम तीच डाळ, 200-200 मिली पाणी. एकीत गावचं, दुसरीत कॅनचं आरओ पाणी. सारख्या आंचेवर ठेवा, झाकण सारखं. चाळीस मिनिटांनी दाणा बोटात चिरडून पाहा. कॅनच्या पाण्यात मऊ झाली न गावच्या पाण्यात नाही, तर पाणी दोषी. दोन्हीकडे कडक राहिली तर डाळ जुनी आहे. दोन-तीन उन्हाळे पाहिलेली डाळ कितीही शिजवा, आतून कणीदारच राहते.

पाण्यातला क्षार म्हटलं की सगळे मिठालाच धरतात. इथे खरी अडचण मिठाची नाही, जडपणाची आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला) घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. टीडीएसच्या पेनावर भरवसा ठेवू नका, तो एकूण क्षार दाखवतो, जडपणा नाही. साबणाला फेस येत नसेल आणि गंजाच्या बुडाला पांढरी पापडी धरत असेल तर पाणी जड समजा. नेमका आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचं किट असतं, त्यात जडपणाची तपासणी होते. पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणा 200 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

आता सोपी गोष्ट. सगळ्या स्वयंपाकाला गोडं पाणी लागत नाही. भात जड पाण्यात शिजतो, फार तर थोडा पिवळट दिसतो. गोडं पाणी फक्त डाळीला द्या. 800 ग्रॅम डाळीला चौपट धरलं तर रोज तीन-सव्वातीन लिटर, भिजवणीचं धरून चार. वीस लिटरचा एक कॅन पाच दिवस पुरतो. समितीला पहिला खर्च हाच सांगा.

क्रम असा ठेवा. ताई आल्या आल्या डाळ दोनदा धुऊन कोमट गोड्या पाण्यात दीड-दोन तास भिजत घालायची. मग कुकरमध्ये, चिमूटभर हळद न चमचाभर तेल घालून. तेलाने फेस कमी येतो न शिट्टीची नळी तुंबत नाही. डाळ न पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. दहा लिटरच्या कुकरात तुमची डाळ आरामात बसते. पहिल्या शिट्टीनंतर आंच बारीक, पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईत शिट्टी उचलून वाफ काढली की डाळ उसळून वर येते आणि दाणा अर्धकच्चा राहतो.

भेद्रं (टमाटे), चिंच, कैरी, अंबाडी, जे आंबट असेल ते डाळ पूर्ण घोटून झाल्यावरच. आंबटात डाळ शिजत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी चूक हीच होते: फोडणीत भेद्रं घालून त्यातच कच्ची डाळ न तांदूळ सोडतात. खिचडी करायची तरी डाळ वेगळी शिजवून घोटून घ्या, भात पाऊण शिजला की त्यात मिसळा. घोटलेली डाळ भाताला लागून राहते, कडेला सारायला दाणाच उरत नाही. कोहळं न दुधीही किसून त्याच वेळी घाला. फोड दिसली की लेकरू वेचतं, कीस वेचता येत नाही. सांबार (कोथिंबीर) वरून भरपूर टाका, पण देठं बारीक चिरून.

आणि तिखट. वऱ्हाडी हात तिखटाला सैल असतो. पहिलीच्या लेकराच्या जिभेला ते झेपत नाही आणि ते लेकरू "भूक नाही" म्हणतं. गंजातून लहानांचं आधी काढून घ्या, मग मोठ्यांच्या गंजात तिखटाची फोडणी द्या. पाणी खारं असल्याने मीठही चाखूनच, रोजच्या मुठीने नाही.

---

सराटा

एवढं कशाले? चिमूटभर खायचा सोडा टाका, दहा मिनिटांत डाळ लोण्यासारखी होते. कॅनचा खर्च वाचतो.

---

मोजपट्टी

भाऊ, होते खरी, पण सोड्याने बी-1 जीवनसत्त्व मरतं. सडीक तांदळात ते आधीच कमी, लेकराला मिळायचं तर डाळीतूनच. शिवाय चिमटीचं माप चाळीस जणांच्या गंजात कधीच चिमटीएवढं राहत नाही, मग साबणासारखी चव येते न पुन्हा ताटात उरतं. एखाद्या दिवशी कॅन आला नाही तर मूग किंवा मसूर डाळ घ्या, ती जड पाण्यातही तुरीपेक्षा लवकर मऊ होते. गावचं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून, थंड करून, वरचं नितळ पाणी घेतलं तर जडपणाचा एक भाग खाली बसतो. सगळा बसत नाही, पण फरक पडतो.

तांदळाबद्दल एक राहिलं. पोषण आहाराच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळलेले असू शकतात. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 असलेले. ते थोडे वेगळ्या रंगाचे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात, आणि मग गावात "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बोंब उठते. ताई ते वेचून फेकत तर नाहीत ना, एकदा पाहा. पालकसभेत वाटीभर तांदूळ ताटलीत पसरून ते दाणे सगळ्यांना हाताळायला द्या, भाषणापेक्षा ते बरं. तांदूळ दोनदाच हलक्या हाताने धुवा, आणि भाताची पेज काढून ओतू नका, मापातच पाणी घाला.

---

तपासणी_ताई

अकराला पेंगणाऱ्या लेकरांबद्दल. सगळ्यांना एकाच माळेत धरू नका. नावं लिहून तीन आठवडे खूण करा: कोण, कोणत्या वारी, त्या दिवशी घरून काय खाऊन आलं. काहीजण फक्त वेचणीच्या दिवसांत पेंगतील, ती उपाशी आहेत. काहीजण खाऊनही रोज पेंगतील. त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहा, तळवे पाहा, जिन्याच्या चार पायऱ्या चढून धाप लागते का ते पाहा. फिकट वाटलं तर आरबीएसकेच्या (शाळेत लेकरं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाची वाट न पाहता उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवा. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, तोवर वर्ष निघून जातं.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत जास्त, पण इकडेही आहे. लेकरू वारंवार हातपाय, सांधे दुखतात म्हणतं, डोळे पिवळसर दिसतात, सारखं आजारी पडतं, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. सिकलसेलचं कार्ड असलेल्या लेकराला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्याला तहान लागू देणं मात्र घातक, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. अशा लेकराला तासाला पाणी पिऊ द्या, आणि वारंवार लघवीला जायची परवानगीही द्या. ही दुसरी गोष्ट नसली की लेकरू पाणीच पीत नाही. मुलींच्या बाबतीत तर स्वच्छतागृहाची कडी नीट लागते का, एवढ्यावरही दिवसभराचं पाणी पिणं अवलंबून असतं.

लोहाच्या आठवडी गोळ्या: पाच ते नऊ वर्षांना गुलाबी (लोह 45 मिलिग्रॅम), दहाच्या पुढे निळी (60 मिलिग्रॅम). तुमच्या चौथीत दहा पूर्ण झालेलं एखादं लेकरू असेल, म्हणून इयत्ता नाही, वय पाहून द्या. गोळी जेवणानंतर, कधीही उपाशीपोटी नाही. उपाशीपोटी दिली की मळमळतं, एक लेकरू ओकलं की पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग तोंड मिटून बसतो. शौच काळी होते हे घरी आधीच सांगून ठेवा. चहा लोह अडवतो, लिंबू न आवळा लोह अंगी लागायला मदत करतात. गोळीच्या दिवशी वरणावर लिंबू पिळता आलं तर उत्तम. जंताची गोळी (अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम) चावून खायला लावा, तशीच गिळू देऊ नका.

उपाशी येणाऱ्यांसाठी बिस्किटं नकोत, तासाभरात पुन्हा भूक लागते. फुटाणे 20 ग्रॅम न गुळाचा सुपारीएवढा खडा, साडेदहाच्या परिपाठानंतर. चाळीस लेकरांना दिवसाला 800 ग्रॅम फुटाणे. फक्त "गरीब" लेकरांना वेगळं बोलावून देऊ नका, दिलं तर सगळ्यांना द्या. नाव पुकारून दिलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी घ्यायला येत नाही. बाराही महिने जमत नसेल तर दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत तरी. आणि केंद्रप्रमुखांशी बोलून मधली सुट्टी अर्धा-पाऊण तास अलीकडे घेता आली तर पैसाही लागत नाही.

---

गंजाखालची_चूल

फुटाण्याला बदल म्हणून मोड आलेली मटकी किंवा मूग देता येईल, पण दोन ठिकाणी घोटाळा होतो तो सांगते.

एक, सोमवार. रविवारी शाळा बंद, मग भिजवणार कोण? सोमवारचा दिवस मोडासाठी धरूच नका. मंगळवारसाठी सोमवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी निथळून सुती फडक्यात बांधा, मंगळवारी साडेदहाला तयार. थंडीत मोड यायला वीस-बावीस तास लागतात, तेव्हा बुधवार धरा.

दोन, उन्हाळा. मार्चनंतर आपल्याकडच्या उकाड्यात गाठोडं रात्रीतून चिकट होतं, आंबूस वास मारतं. तसलं कडधान्य शिजवूनही वाढू नका, फेकून द्या. दोनदा पाणी बदलून खळखळून धुतलं न गाठोडं घट्ट न बांधता सैल ठेवलं तर टिकतं. कच्चे मोड लहान लेकरांना देऊ नयेत. ओलाव्यात न उबेत जंतूही मोडाबरोबरच वाढतात. सहा-सात मिनिटं वाफवा, मग लिंबू, कांदा. भिजवायलाही गोडं पाणीच, नाहीतर सालं चामड्यासारखी राहतात.

शेंगदाण्याची, जवसाची किंवा तिळाची चटणी वरणभातावर दहा ग्रॅम टाकली तरी चव न ताकद दोन्ही वाढतात. दाणे घेताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीच्या वासाचे वेचून बाहेर काढा, भाजले म्हणून ती बुरशी सुटत नाही.

अंड्यांसाठी सरकारचा वेगळा पैसा 2025 च्या सुरुवातीपासून नाही, लोकवर्गणीतून द्यायची मुभा आहे. तुमची वर्गणी मोजकी असेल तर आधी पाणी, मग फुटाणे, मग अंडी असा क्रम मी लावीन. जी घरं अंडी खात नाहीत त्यांच्या लेकरांना केळी, आणि ती यादी पालकांकडून आधीच लिहून घ्या, ऐन पंगतीत विचारू नका.

---

काळी_कसदार

कोणी परसबागेचं बोललं नाही म्हणून लिहितो. खारपाणपट्ट्यात परसबाग लावायची ती पावसाच्या भरवशावर. जूनअखेर ते ऑक्टोबर. बोअरचं खारं पाणी दिलं की काळ्या मातीवर पांढरा थर येतो, माती सिमेंटसारखी आवळते न रोपं कडेने करपतात. दुसऱ्या वर्षी तिथे काहीच येत नाही. "हात धुतलेलं पाणी बागेला" ही पाटी छान दिसते, पण तेही पाणी खारंच असतं. तांदूळ गोड्या पाण्यात धुतले असतील तर तेवढं टाका.

अंबाडी, चवळाई, पालक पावसाळ्यात सहज येतात, पालक खार बऱ्यापैकी सोसतो. घेवडा, वाल खार अजिबात सोसत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. पपई न शेवगा लावायचे तर जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच वरंब्यावर लावा. काळ्या भारी मातीत पाणी तुंबलं की दोघांचीही मुळं कुजतात. मोठ्या उत्साहात लावलेले शेवगे बहुतेक पहिल्याच पोळ्याच्या आत मरतात ते यामुळेच.

शेवग्याचा पाला (आमच्याकडे काहीजण मुनगा म्हणतात) वरणात घालायचा तर सुरुवात एका लेकराला 5 ग्रॅम, म्हणजे चाळीस जणांना 200 ग्रॅम सोललेला पाला. डाळ घोटल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत. पहिल्याच दिवशी किलोभर घातला तर वरण कडवट होतं न वर्षभर लेकरं हिरवं दिसलं की नाक मुरडतात. पावसाळ्यातला जास्तीचा पाला सावलीत तीन-चार दिवस वाळवून चुरून डब्यात भरा. उन्हात वाळवला तर रंगही जातो न गुणही.

---

सराटा

सोड्याचं मान्य. आता दुकानाचं ऐका. भांडू नका, दुकानदार गावचाच असतो. मीठ, साखर, तेल जास्त असलेले पदार्थ शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. तंबाखूला तर 2003 च्या कायद्याने 100 यार्डांची बंदी आहे. टपरीवर पुडीशेजारी खर्राही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून मिळतो, आणि चौथीतलं पोट्टं घरच्यासाठी खर्रा आणायला जातं तिथूनच त्याची चव सुरू होते. खर्रा चघळणाऱ्या लेकराची भूकही मरते. म्हणून आधी खर्रा हटवा, त्याला गावसभेत कोणी विरोध करत नाही. ग्रामसभेचा ठराव, सरपंचांच्या सहीची पाटी, मग दुकानदाराला पर्याय: दुपारच्या सुट्टीआधी पुड्या लेकरांना विकायच्या नाहीत, त्याऐवजी फुटाणे, मुरमुरे, फल्ली (शेंगदाणे), बोरं, हंगामात संत्री ठेवायची. शाळेचे 800 ग्रॅम फुटाणे रोज त्याच्याकडूनच घ्या. त्याचं नुकसान होत नाही असं दिसलं की तो ऐकतो.

---

चार_वर्ग_दोन_गुरुजी

सगळ्यांचे आभार. दोन गंज्यांची चाचणी घेतली. कॅनच्या पाण्यात डाळ पस्तीस मिनिटांत बोटाने चिरडली, गावच्या पाण्यात तासानंतरही नाही. म्हणजे दोष पाण्याचा. तीन दिवसांचं उष्टं तोललं: ताटातलं 3 किलो 100, 2 किलो 800, 3 किलो 400. त्यात दोन-तृतीयांश पहिली-दुसरीचं. पट तर त्यांचा निम्माही नाही. उद्यापासून निम्मं वाढून दुसरी फेरी.

एक शंका. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की कॅनची गाडी आठ-आठ दिवस येत नाही. आणि उन्हाळ्यात सकाळच्या शाळेत लेकरांना ओआरएस याच पाण्यात द्यायचं का?

---

तपासणी_ताई

ओआरएस खाऱ्या पाण्यात नको. पुडीतलं मीठ एक लिटर साध्या पाण्याच्या हिशेबाने असतं, वर पाण्यातलं मीठ मिळालं की प्रमाण बिघडतं न लेकराची तहान वाढते. दोन-तीन पुड्या आणि एक बंद लिटरची बाटली गोडं पाणी कपाटात कायम ठेवा. पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्ये, अर्धी पुडी ग्लासात अंदाजे नाही. कालवलेलं 24 तासांनंतर ओतून द्या. साखर-मिठाचं घरगुती करायचं तर सहा सपाट चमचे साखर न अर्धा सपाट चमचा मीठ लिटरला, तेही गोड्या पाण्यातच.

---

काळी_कसदार

पाण्याचं उत्तर तुमच्या छपरावर आहे, गुरुजी. हिशेब करा. रोज 4 लिटर, शाळेचे दिवस 220 धरले तर वर्षाला 880 लिटर. म्हणजे डाळीपुरती एक हजार लिटरची टाकी वर्षभर पुरते. 30 चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की 30 लिटर पाणी, गळती-उडती सोडून 24-25 धरा. चाळीस-बेचाळीस मिलिमीटरमध्ये टाकी भरली. आपल्याकडे एवढा पाऊस जुलैत दोन दिवसांत पडतो.

पन्हाळ, त्यातून पाइप, टाकीआधी एक टी आणि खाली बंद करता येणारा उभा तुकडा. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊच नका, छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण त्यात असते. पुढेही दर पावसाचं पहिलं 30-40 लिटर त्या उभ्या तुकड्यातून बाहेर सोडा. तोंडाला बारीक जाळी, मग वाळू-गिट्टीची बादली. टाकी काळी घ्या, पांढऱ्या टाकीत ऊन शिरून शेवाळ धरतं. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल किंवा रंगाचे पोपडे निघत असतील तर ते पाणी घेऊ नका, वर्गखोलीचा स्लॅब घासून वापरा.

हे पाणी डाळीत उकळतंच, म्हणून स्वयंपाकाला चालतं. पिण्याला द्यायचं तर क्लोरिन घालून आणि तपासूनच. टाकी विटांच्या ओट्यावर ठेवताना नळाखाली गंज मावेल एवढी, फूट-सव्वा फूट जागा सोडा, आणि वरच्या ओव्हरफ्लोच्या पाइपालाही जाळी बांधा. ती बहुतेक विसरतात, न दिवाळीपर्यंत टाकीत डासांच्या अळ्या होतात.